पहिल्या रात्री पाचच: दुर्बिणीतून डीप स्काय कसं पाहायचं

नवी दुर्बीण घेतलेल्या माणसाचे पहिले दिवस मी बऱ्याचदा जवळून पाहिले आहेत. चंद्र पाहून होतो, शनीची कडी पाहून होतात, गुरूचे चार उपग्रह ओळखीचे होतात. मग एके रात्री तो दुर्बीण देवयानी दीर्घिकेकडे वळवतो, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावतो आणि म्हणतो, "एवढंच?" फोटोत पाहिलेलं निळं-जांभळं चक्र कुठेच नसतं. असतो तो करड्या रंगाचा एक धूसर डाग. बरेच जण तिथेच दुर्बीण गुंडाळतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. डोळ्यांना आणखी वीस मिनिटं दिली असती, तर तोच डाग हळूहळू उलगडायला लागला असता.

तारकागुच्छ, तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) या सगळ्यांना मिळून हौशी निरीक्षक डीप स्काय म्हणतात. सूर्यमालेच्या पलीकडचं आणि एकट्यादुकट्या ताऱ्याहून वेगळं असं जे काही दिसतं, ते सगळं यात आलं. ते पाहणं पोहण्यासारखं शिकावं लागतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: पहिल्या रात्रीसाठी पाच गोष्टी ठरवा, पाचच, आणि प्रत्येकीला निदान दहा मिनिटं द्या. पन्नास गोष्टींची यादी घेऊन बसलात तर पन्नास डाग बघून झोपायला जाल.

पुढचं सगळं मी १५० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर), डोब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरची परावर्तक, म्हणजे आरशानं प्रकाश गोळा करणारी, दुर्बीण डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. नवशिक्याला हीच मला सगळ्यात योग्य वाटते: हातानं ढकलायची, मोटर नाही, वायरी नाहीत, मांडायला पाच मिनिटं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. १५० मिमीचा आरसा तिच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. डीप स्कायसाठी दुर्बिणीचं खरं काम हेच, प्रकाश गोळा करणं. मोठं करून दाखवणं त्यानंतर येतं. तुमची दुर्बीण वेगळी असली तरी कृती तीच राहते, आकडे तेवढे बदलतात.

रात्र निवडताना

सगळ्यात आधी तिथी पाहा. चंद्र आकाशात असेल तर मंद तेजोमेघ शोधायला जाऊ नका. तो सगळं आकाश उजळून टाकतो आणि मग उत्तम दुर्बीणही हतबल होते. कृष्ण अष्टमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे तेव्हापासून अमावास्या ओलांडून शुक्ल तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी तुमच्या. महिन्यातले हे दहा-बारा दिवस आधीच खूण करून ठेवावेत.

सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असं नाही. तो क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर संधिप्रकाश पूर्ण संपतो. त्याला सव्वा ते दीड तास लागतो, विषुववृत्तापासून खूप दूर असाल तर आणखी जास्त.

हवेचं दोन तऱ्हेनं बघायचं असतं आणि नवखे लोक हमखास यात गल्लत करतात. तारे जोरात लुकलुकत असतील तर हवा अस्थिर आहे. ग्रह पाहणाऱ्याला ती त्रास देते, तेजोमेघ पाहणाऱ्याला त्या मानानं कमी. आपल्याला हवी असते ती पारदर्शक हवा: धूळ नाही, धुकं नाही, विरळ ढगांचा पडदा नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ रात्र म्हणूनच सोन्यासारखी. हिवाळ्यात परीक्षा सोपी आहे. कृत्तिकांकडे साध्या डोळ्यांनी बघा. सहा तारे मोजता आले तर रात्र चांगली. तीन-चारच दिसत असतील तर त्या दिवशी ठळक गोष्टींवर समाधान माना.

शहराच्या उजेडाचं फारसं काही करता येत नाही, पण डोळ्यावर थेट पडणारा दिवा मात्र टाळता येतो. भिंतीच्या सावलीत उभं राहा. मी एक काळं, जाड कापड जवळ ठेवतो आणि आयपीसला डोळा लावला की ते डोक्यावरून ओढून घेतो. बाजूनं येणारा उजेड अडला की त्याच आकाशात आणखी किती दिसतं, हे स्वतः करून बघितल्याशिवाय पटणार नाही. दिवसभर तापलेल्या छपरावरून पाहणं टाळा. तिथून वर चढणारी गरम हवा ताऱ्यांचे ठिपके पसरवून टाकते.

उजेड आहे तोवर

फाइंडर दिवसाच जुळवून घ्या. फाइंडर म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण. ती आणि मोठी दुर्बीण एकाच जागी रोखलेल्या नसतील तर रात्रभर काहीही सापडणार नाही. मुख्य दुर्बिणीत दूरच्या मनोऱ्याचं किंवा खांबाचं टोक मधोमध आणा. वस्तू निदान अर्धा किलोमीटर लांब हवी. मग नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर ते पुन्हा एकदा तपासा.

हे करताना दुर्बीण सूर्याच्या आसपासही नेऊ नका. फाइंडरमधून ओझरता दिसलेला सूर्यसुद्धा डोळा कायमचा घालवू शकतो. घरात लहान मुलं असतील तर उन्हात उघडी दुर्बीण एकटी ठेवायचीच नाही.

अंधार पडायच्या तासभर आधी दुर्बीण बाहेर काढून ठेवा. आरसा घरातल्या तापमानाचा असतो आणि तो बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत नळीत हवेचे झोत फिरत राहतात. तोवर तारे टोकदार दिसत नाहीत. लोक तेव्हा दुर्बिणीला नावं ठेवतात, फोकसची चाकी उगाच फिरवत बसतात. एक तास थांबलं की तीच दुर्बीण सुधारते.

आरसे सरळ रेषेत आहेत का तेही पाहून घ्या. ठळक तारा मधोमध आणून फोकस थोडा बिघडवला की तारा गोल चकतीसारखा पसरतो आणि तिच्यात नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या दुसऱ्या आरशाची काळी सावली दिसते. सावली मधोमध असेल तर ठीक. एका बाजूला सरकली असेल तर दुर्बिणीबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे मागचे स्क्रू अगदी थोडे फिरवून जुळवायचं. पहिल्या रात्री थोडी चूक राहिली तरी डीप स्काय दिसतंच, तिथे अडून बसू नका.

आयपीस दोन पुरेत. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट. १० मिमीचा लावला तर १२० पट. शोधताना नेहमी २५ मिमीचा लावा, कारण त्यात आकाशाचा सुमारे एक अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे दोन पूर्ण चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. दहाचा लावून काही शोधायला जाणं म्हणजे किल्लीच्या भोकातून मैदानात चेंडू शोधणं.

बसायला स्टूल हवंच. हे मी सामानाच्या यादीत दुर्बिणीच्या खालोखाल धरतो. वाकून, मान मोडून उभं राहिलेल्या माणसाला दहा मिनिटं एका जागी बघवत नाही आणि श्वास लागलेल्या, थरथरणाऱ्या डोळ्याला मंद गोष्टी दिसत नाहीत. अंगावर वाटतात त्यापेक्षा एक थर जास्त गरम कपडे घाला. रात्री आकाशाखाली निश्चल बसलं की थंडी हाडांत शिरते.

डोळा तयार करणं

अंधारात आल्यावर बाहुली काही क्षणांतच मोठी होते, पण खरी तयारी दृष्टिपटलावर चालते. तिथल्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य हळूहळू साठत जातं आणि मंद प्रकाश जाणवू लागतो. याला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यानंतरही थोडी थोडी सुधारणा होत राहते. पांढऱ्या उजेडाचा एक झोत पुरतो आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एकदा तासभर बसून मी एका मंद दीर्घिकेपर्यंत पोहोचलो होतो, कडा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मित्रानं किती वाजले बघायला फोन काढला. पडद्याचा उजेड दोन सेकंदांचा असेल. दीर्घिका गेली ती गेलीच, परत दिसेपर्यंत ती झाडाआड उतरली होती. तेव्हापासून निरीक्षणाच्या जागी फोन खिशात, हा माझा नियम आहे. नकाशा फोनवरच बघायचा असेल तर अॅपमधला लाल रंगाचा पर्याय लावा, पडद्याची चमक शेवटच्या खुणेपर्यंत खाली आणा आणि दुर्बिणीला लावायचा डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं बघा. टॉर्चवर लाल कागदाचे दोन-तीन थर बांधले तरी काम भागतं. लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही, पण तोही मंदच हवा.

आता तिरकी नजर. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या मधोमध पडते आणि तिथे शंकूपेशींची दाटी असते. त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण अंधारात निकामी असतात. दंडपेशी मध्यापासून बाजूला जास्त आहेत. म्हणून मंद गोष्ट बघायची तर तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या थोडं शेजारी बघायचं. उजवा डोळा लावला असेल तर नजर किंचित उजवीकडे न्या, डावा असेल तर डावीकडे. असं केल्यानं ती गोष्ट नजरेच्या नाकाकडच्या बाजूला राहते आणि तिची प्रतिमा डोळ्यातल्या आंधळ्या ठिपक्यावर पडत नाही. नजर बाजूला सरकवली की डाग फुगल्यासारखा मोठा होतो, सरळ रोखली की विरतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा माणूस दचकतो.

त्याच्या जोडीला आणखी एक युक्ती: नळीला बोटानं अगदी हलकी टिचकी मारा. प्रतिमा थरथरते आणि जे स्थिर असताना दिसत नव्हतं ते हलताना जाणवतं. डोळ्याचा कडेचा भाग हालचाल पटकन पकडतो. श्वासही रोखू नका. नव्या माणसाचा हा हमखास होणारा घोटाळा आहे. श्वास सावकाश चालू ठेवा, फक्त तो आयपीसवर सोडू नका, भिंगावर वाफ धरते.

रंगांची अपेक्षा मात्र सोडून द्या. कॅमेरा मिनिटामिनिटांनी, तासातासांनी प्रकाश साठवतो. डोळ्याला तसं साठवता येत नाही, त्यामुळे जवळपास सगळं करड्या छटांमध्येच दिसतं. पण त्या करड्या छटा म्हणजे खुद्द तिथून निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्यात पडतोय, मधे कोणीही नाही. मला हे फोटोपेक्षा फार मोठं वाटतं.

शोधायचं कसं

ओळखीच्या ताऱ्यावरून अनोळखी जागेकडे टप्प्याटप्प्यानं जायचं. हात लांब केला की मूठ सुमारे दहा अंशांची, करंगळीचं बोट एका अंशाचं. नकाशात अंतर मोजा, हातानं आकाशात मोजा, फाइंडर तिथे न्या, मग आयपीसमध्ये बघा.

दोन गोष्टी सुरुवातीला गोंधळात टाकतात. परावर्तक दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे, म्हणून नकाशाही फिरवून धरावा लागतो. दुसरं म्हणजे आकाश थांबत नाही. ते तासाला १५ अंश सरकतं. एक अंशाच्या दृश्यातून तारा चार मिनिटांत पार होतो, १२० पटीत दोन मिनिटांच्या आत. तारा कडेला पोहोचला की नळी हलकेच ढकलून तो परत आत आणायचा. अर्ध्या तासात हाताला सवय होते. एक अडचण मात्र सवयीनं जात नाही: अगदी डोक्यावरच्या गोष्टीवर डोब्सन दुर्बीण नेणं अवघड असतं, बाजूला वळवायला तिला जागाच राहत नाही. अशा वेळी ती गोष्ट थोडी कलेपर्यंत थांबावं. क्षितिजापासून तीस अंशांच्या खालीही पाहू नका, तिथे हवेचा थर दुपटीहून जाड असतो.

पाच गोष्टी, डिसेंबरअखेरच्या किंवा जानेवारीच्या सुरुवातीच्या रात्रीसाठी

आठच्या सुमारास कृत्तिकांपासून सुरुवात करा. डोळा अजून पूर्ण तयार नसतो आणि कृत्तिका तेवढं सोसतात. हा खुला तारकागुच्छ (विखुरलेल्या ताऱ्यांचा गट), सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचा, चार्ल्स मेसिए यांनी केलेल्या अशा गोष्टींच्या यादीत (तिच्याविषयी पुढे येतंच) ४५ वा. तो जवळपास दोन अंश पसरलेला असल्यामुळे २५ मिमीच्या आयपीसमध्ये पूर्ण मावत नाही. आधी फाइंडरमधून बघा, गुच्छ म्हणून तो तिथेच शोभतो. मग मोठ्या दुर्बिणीतून एकेका ताऱ्याभोवती फिरा. फोकस इथेच नीट लावून घ्या: तारे सुईच्या टोकाएवढे होईपर्यंत.

मग उत्तरेकडे वळा. शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधोमध, अंधाऱ्या आकाशात साध्या डोळ्यांनाही एक धूसर चट्टा दिसतो. तिथे दुर्बीण लावा. हा जोड तारकागुच्छ आहे, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा, आणि दोन्ही गुच्छ ४८ पटीत एकाच दृश्यात शेजारी शेजारी बसतात. पाहुण्यांना मी नेहमी हेच आधी दाखवतो. तिरकी नजर नको, काही समजावणं नको, डोळा लावल्या लावल्या माणूस गप्प होतो. दोन ढिगांमध्ये एखाददुसरा तांबूस तारा शोधा, रंग दिसणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक.

तिसरी देवयानी, मेसिए ३१. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा घ्या. तिथून ययातीच्या दिशेनं जाताना मधला मंद तारा ओलांडून पुढचा ठळक तारा गाठा, त्याचं नाव मिराक. मिराकपासून काटकोनात शर्मिष्ठेकडे वळा, एकामागोमाग दोन मंद तारे लागतील. दुसऱ्याच्या अगदी शेजारी दीर्घिका आहे. ती तीन अंशांहून लांब पसरलेली आहे, तुम्हाला त्यातलं उजळ केंद्र आणि त्याभोवतीचा लांबट धुरकटपणाच दिसेल. आता थांबा. नजर बाजूला न्या. दोन-तीन मिनिटांत तो धूर दृश्याच्या कडेपर्यंत पसरत गेलेला जाणवेल. केंद्रापासून अर्ध्या अंशाच्या आत एक तारा जरा पुसट, फोकस बिघडल्यासारखा दिसेल. तो तारा नाही, मेसिए ३२ नावाची छोटी सोबती दीर्घिका आहे.

हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. दहाव्या शतकात अल सूफी या इराणी खगोलज्ञानं याला छोटा ढग म्हणून नोंदवलं. एडविन हबल यांना १९२३ मध्ये यात सेफीड जातीचा एक रूपविकारी, म्हणजे तेज ठराविक काळानं कमी-जास्त होणारा, तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं आणि ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका असल्याचं ठरलं. तोपर्यंत जाणकारांमध्येही त्यावर वाद होता.

चौथी गोष्ट अवघड आहे आणि मुद्दाम अवघड ठेवली आहे. साडेनऊपर्यंत डोळा पूर्ण तयार झालेला असतो. वृषभाच्या दोन शिंगांपैकी दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला झीटा टौरी हा तारा आहे. तो दृश्याच्या मधोमध आणा आणि दुसऱ्या शिंगाच्या टोकाकडे, किंचित कृत्तिकांच्या बाजूला झुकून, एक अंशभर सरका. कदाचित काहीच दिसणार नाही. कापड डोक्यावर घ्या, नजर बाजूला न्या, नळीला टिचकी मारा. लंबगोल, कडा नसलेला, आकाशापेक्षा जेमतेम उजळ असा एक ठसा जाणवेल, जाईल, परत येईल. दहापैकी सात वेळा त्याच जागी आला तर तो खरा. हा क्रॅब तेजोमेघ, मेसिए १.

१०५४ मध्ये इथे एक तारा फुटला. चिनी निरीक्षकांनी लिहून ठेवलंय की तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता. १७५८ मध्ये धूमकेतू पाहणाऱ्या चार्ल्स मेसिए यांना पॅरिसहून इथे धूमकेतूसारखा पण जागचा न हलणारा डाग दिसला. पुन्हा फसगत होऊ नये म्हणून त्यांनी अशा डागांची यादी करायला घेतली. आज त्या यादीत ११० नोंदी धरतात आणि जगभरचे हौशी निरीक्षक तिच्याच आधारानं शिकतात. शहरातून मेसिए १ न दिसणं अगदी शक्य आहे. तसं झालं तर "शोधला, दिसला नाही" अशी नोंद करा आणि पुढच्या अमावास्येला परत बघा.

पाचवी मृगातली. दहानंतर मृग चांगला वर आलेला असतो. पोटातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या खाली दक्षिणेकडे लोंबणाऱ्या रेघेत तीन मंद ठिपके आहेत, त्यातला मधला जरा पुसट. तोच मेसिए ४२, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, जिथे तारे आजही जन्माला येत आहेत.

इथे घाई अजिबात करू नका, मी एकेका रात्री तासभर इथेच बसलोय. आधी ४८ पटीत बघा. मधे उजळ गाभा आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले धुराचे पट्टे दिसतील. पंखाची कड नजरेनं धरून तिच्या मागे मागे जा, ती वाटते त्यापेक्षा खूप लांब वळत जाते. गाभ्यात एक काळी खाच घुसलेली दिसेल. तिथे रिकामी जागा नाही, मागचा उजेड अडवणारी धूळ आहे. चांगल्या रात्री गाभ्यावर फिकट हिरवट झाक जाणवते. ती आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनची, आणि डोळ्याला रंग जाणवावा इतका उजळ तेजोमेघ विरळाच.

आता १० मिमीचा आयपीस लावा. गाभ्यातला एक तारा फुटून चार होतात, लहानसा वाकडा चौकोन. त्यातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याचा अतिनील प्रकाश या ढगाचा मोठा भाग उजळवतो. हवा शांत असेल तर चौघांच्या जवळ पाचवा आणि सहावा तारा क्षणभर लुकलुकून जातात. दिसले नाहीत तर डोळा न काढता वाट बघा, हवा मधूनच दोन-तीन सेकंद थांबते आणि तेवढ्यात ते दिसतात. दोन्ही आयपीस आलटून पालटून लावा. ४८ पटीत पसारा दिसतो, १२० पटीत धुराचे दाणेदार पापुद्रे.

बाकी ऋतूंसाठी थोडक्यात: उन्हाळ्याच्या अखेरीला शौरीतला बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट गोल पुंजका) मेसिए १३, पावसाळी ढग नसतील तिथे स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ मेसिए ५७ आणि धनू राशीतला मेसिए ८. दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ सोडू नका.

नोंद आणि आवराआवर

प्रत्येक गोष्टीनंतर लाल उजेडात दोन ओळी लिहा: तारीख, वेळ, आयपीस, काय दिसलं. जमलं तर एक वर्तुळ काढून त्यात पेन्सिलीनं डाग काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. हात काढायला लागला की डोळा आपोआप विचारतो, हा डाग गोल होता की लांबट, कोणत्या बाजूला जास्त उजळ होता. मग परत बघावं लागतं आणि परत बघताना नवीन दिसतं. माझ्या पहिल्या वहीत देवयानीपुढे "धूसर, गोल" एवढंच आहे. दोन वर्षांनी त्याच दुर्बिणीतून, त्याच जागेवरून केलेल्या नोंदीत धूळपट्ट्याची एक कड आणि दुसरी सोबती दीर्घिका मेसिए ११० आहे.

रात्र चढली की दव पडतं. फाइंडरचं भिंग आणि आयपीस आधी धुरकटतात. ते कापडानं पुसू नका, मी एकदा पुसलं आणि भिंगावर आलेले बारीक चरे अजून आहेत. आयपीस खिशात ठेवला तर अंगाच्या उबेनं आपोआप साफ होतो. फाइंडरपुढे काळ्या जाड कागदाची नळी गुंडाळली की दव उशिरा धरतं. मोठ्या नळीच्या तोंडाशीही तसाच कागद गुंडाळता येतो.

घरात आणल्यावर दुर्बिणीची झाकणं लगेच लावू नका. गार आरशावर घरातली ओल धरते आणि झाकण लावलं की ती आत कोंडून राहते. नळी आडवी ठेवा, तोंडावर पातळ कापड टाका, आयपीस डब्याबाहेर राहू द्या. सकाळी सगळं कोरडं झालं की झाका.